बर्नरची ज्योत आत का शिरते?



प्रात्यक्षिकाच्या तासाला तुमच्यापैकी अनेकांनी हे पाहिले आहे. बुन्सेन बर्नरचा गॅस कमी केला आणि हवेची खिडकी मात्र पूर्ण उघडी राहिली, की 'फट्' असा आवाज होतो. वरची ज्योत नळीत शिरते आणि खाली, जिथे बारीक छिद्रातून गॅस येतो तिथे जळू लागते. नळी बघता बघता तापते. पुस्तकात याला फ्लॅशबॅक म्हणतात. आपण सरळ 'ज्योत आत शिरणे' म्हणू.

नळीतून गॅस आणि हवा यांचे मिश्रण वर जात असते. ज्योत त्या ताज्या मिश्रणाला पेटवीत खाली येऊ पाहते. दोन्ही वेग जुळले तर ज्योत तोंडावर स्थिर राहते. मिश्रण फार जोरात आले तर ती उडून विझते आणि मंद आले तर आत शिरते. नर्मदेत धारेविरुद्ध पोहणारा मुलगा मध्यभागातून जात नाही, तो काठाकाठाने सरकतो, कारण तिथे धार मंद असते. ज्योतही नळीच्या भिंतीलगतच वाट शोधते. पण भिंत थंड असते, आणि फार जवळ गेलेली ज्योत विझते. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, तो याच तत्त्वावर.

आता गॅस कोणता, हा प्रश्न येतो. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेल्या मिथेनच्या ज्योतीचा वेग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर असतो. आपल्या एलपीजीतील प्रोपेनचा थोडाच जास्त. हायड्रोजनचा मात्र दोन मीटरहून अधिक, म्हणजे पाचपट! शिवाय मिथेनची ज्योत दोन मिलिमीटरच्या फटीत विझते, तर हायड्रोजनची ०.६ मिलिमीटरच्या फटीतूनही निघून जाते. म्हणजे धार जिथे सर्वांत मंद, तिथपर्यंत ती भिंतीला चिकटून पोहोचते. हायड्रोजनच्या बर्नरची भोके बारीक आणि प्रवाह वेगवान ठेवतात, किंवा हवा आधी मिसळतच नाहीत, ते यासाठी.

हा विषय आपल्या शहरापासून दूरचा नाही. जानेवारी २०२२ मध्ये गेल कंपनीने इंदूरलाच नैसर्गिक गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रकल्प सुरू केला. अशा मिश्रणाने घरची शेगडी धोक्यात येईल का, अशी शंका पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इथे त्रैराशिक लागत नाही, हे लक्षात घ्यावे. मिथेनमध्ये २० टक्के हायड्रोजन घातला तर ज्योतीचा वेग थोडासाच वाढतो. निम्मा-निम्मा केला तरी तो दुप्पट होत नाही. हायड्रोजन तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेला, की वेग एकदम चढतो. याचे एक कारण असे, की हायड्रोजनच्या ज्वलनाला वेग देणारे सुटे अणू मिथेन मध्येच अडवतो. म्हणून थोड्या मिश्रणाला शेगडी बहुधा तीच चालते, शुद्ध हायड्रोजनला बर्नर निराळाच लागतो.

उलट अनुभव ब्रिटनने घेतला. तिथला जुना कोळशाचा गॅस सुमारे निम्मा हायड्रोजन होता. १९६७ ते १९७७ या काळात समुद्रातला नैसर्गिक गॅस घरोघर दिला, तेव्हा जुन्या बर्नरवर त्याची मंद ज्योत टिकेना, उडून जाई. सुमारे चार कोटी उपकरणांचे भाग बदलावे लागले. गॅस बदलायचा म्हणजे केवळ पाइप जोडायचा नव्हे, हे किती जणांच्या ध्यानात येते?

प्रयोगशाळेत ज्योत आत शिरली तर प्रथम गॅसची तोटी बंद करा. नळीला हात लावू नका, ती थंड होऊ द्या. मग हवेची खिडकी बंद करून पुन्हा पेटवा आणि हवा हळूहळू वाढवा. घरी शेगडी मंद आचेवर फटफटू लागली, तर बर्नरची टोपी नीट बसली आहे का आणि भोकांत उतू गेलेले दूध साचले आहे का, हे शेगडी बंद व थंड असताना मोठ्यांनी पाहावे.

दहावीच्या मुलांसाठी एक प्रश्न: हवेची खिडकी पूर्ण बंद असेल तर गॅस कितीही कमी केला तरी ज्योत नळीत का शिरत नाही? उत्तर पुढच्या प्रात्यक्षिकाला वहीत लिहून आणावे.