मीटिंगमध्ये सगळे ‘हो’ म्हणतात, मग काम का होत नाही? मेंढा (लेखा) गावाकडून मॅनेजरसाठी चार धडे



ट्रेनिंगमध्ये मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे: “सर, मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी कोणीच ते करत का नाही?” विचारणारा कधी किराणा दुकानदार असतो, कधी राईस मिलचा मॅनेजर, कधी पतसंस्थेच्या शाखेतल्या मॅडम. प्रश्न मात्र तोच.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की याचं उत्तर शोधायला पुण्या-मुंबईच्या सेमिनारला जायची गरज नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागा. साधारण ३० किलोमीटरवर मेंढा नावाचं गाव आहे. शेजारी लेखा गाव, म्हणून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी गावाची ओळख

मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. जेमतेम शंभरेक घरं, पाचशेच्या आत लोकवस्ती. म्हणजे एखाद्या मध्यम कारखान्याच्या स्टाफएवढं गाव! १९८० च्या दशकात या भागात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात जे आंदोलन झालं, त्यातून इथल्या लोकांनी ठरवलं की आपल्या गावाचे निर्णय आपण घ्यायचे. तिथूनच त्यांची घोषणा प्रसिद्ध झाली: “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.”

गावातले देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली. पण गावाचा खरा मालक आहे ग्रामसभा. तिथे बहुमताने काही होत नाही. निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचाही ठाम विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं.

ऐकायला हे भोळंभाबडं वाटतं ना? मलाही पुष्कळ मालक हेच म्हणतात: “असं केलं तर दुकानाचं शटर कधी उघडणार?” थांबा, निकाल पाहा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. सुमारे १,८०० हेक्टर जंगल! एवढं मोठं काम एवढ्याशा गावाने कसं केलं, हे आपल्याला शिकायचं आहे.

धडा १: अभ्यासाची बैठक वेगळी, निर्णयाची बैठक वेगळी

मेंढ्यात ‘अभ्यास गट’ नावाची पद्धत आहे. ज्याला एखादा विषय समजून घ्यायचा आहे त्याने यावं, बसावं, बोलावं. बाहेरचा जाणकारही येऊ शकतो. पण अभ्यास गटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तो गावकरीच घेतात.

आता आपली मीटिंग आठवा. साहेब येतात, विषय सांगतात, त्याच दमात आपलं मत सांगतात आणि विचारतात, “काय म्हणता मग?” निर्णय तर झालेला आहे. आता जो बोलेल तो साहेबांच्या विरोधात बोलेल. मग कोण बोलणार? सगळे ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’चा अर्थ एवढाच असतो की मीटिंग लवकर संपवा.

निर्णय घ्यायचाच नाही असं आधीच जाहीर केलं की माणूस मोकळा होतो. चुकीचं बोललो तरी नुकसान नाही, हे त्याला कळतं. जपानी कंपन्यांत याला ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ, झाड दुसरीकडे लावायच्या आधी त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करणं. आपल्या धानपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. रोवण्याच्या वेळी कोरड्या बांधीतून पऱ्हे ओढले तर मुळं तुटतात. आधी पाणी द्या, चिखल मऊ होऊ द्या, मग पऱ्हे अलगद येतात.

धडा २: ‘नाही’ म्हणणाऱ्याला शोधून काढा

बहुमताचा हिशोब सोपा आहे. दहातले सात हो म्हणाले, निर्णय झाला. पण उरलेले तीन कुठे गेले? ते दुकानातच आहेत! तेच गोडाऊनमध्ये आहेत, तेच डिलिव्हरीच्या गाडीवर आहेत. हरलेला माणूस भांडत नाही, तो फक्त हळू काम करतो.

सर्वसहमतीत विरोध करणाऱ्याला किंमत येते, कारण त्याचं ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण त्याच्यावर जबाबदारीही येते. नुसतं “मला पटत नाही” चालत नाही. का पटत नाही आणि काय केलं तर पटेल, हे त्याला सांगावं लागतं.

मॅनेजरने इथे एक सवय लावून घ्यावी. मीटिंगमध्ये “सगळ्यांना मान्य ना?” हा प्रश्न बंद. त्याऐवजी विचारा, “यात सर्वात जास्त त्रास कोणाला होणार आहे?” उत्तर लगेच येतं. आणि बहुतेक वेळा ते त्या माणसाबद्दल असतं, जो तोपर्यंत एक शब्दही बोललेला नसतो.

धडा ३: माहिती एकाच्या खिशात ठेवू नका

हक्क मिळाल्यानंतरही मेंढ्याची अडचण संपली नव्हती. जंगलात बांबू आहे, हक्क गावाचा आहे, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो वनखात्याकडून मिळेना. वाद होता बांबू म्हणजे नेमकं काय यावर. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडात धरलं होतं. वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं. झाड म्हटलं तर खात्याचं, वनोपज म्हटलं तर गावाचं. एका शब्दावर अख्ख्या गावाची कमाई अडलेली!

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, मोठ्या नेत्याच्या मागे फिरणं. दुसरा, कायद्यात काय लिहिलंय हे आपण समजून घेणं. मेंढ्याने दुसरा धरला आणि मागणी सोडली नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. आता परवाना ग्रामसभाच देणार होती.

आपल्याकडे काय होतं? मार्जिन किती हे फक्त मालकाला माहीत, उधारी किती हे फक्त दिवाणजीला माहीत, कोणता माल पडून आहे हे फक्त गोडाऊनवाल्याला माहीत. आणि मग आपण म्हणतो, “स्टाफ जबाबदारी घेत नाही.” जी माहितीच नाही त्याची जबाबदारी कोण घेणार? सगळा नफा-तोटा उघडा करा असं मी म्हणत नाही. ज्या विषयावर चर्चा आहे, त्या विषयाची कागदपत्रं सर्वांसमोर ठेवा, एवढंच.

धडा ४: अधिकार मागता, मग वाटाही द्या

मेंढ्यात मजुरीच्या कमाईतला १० टक्के वाटा ग्रामकोषात देण्याची पद्धत गावाने स्वतः लावून घेतली. म्हणजे “आम्हीच सरकार” म्हटल्यावर सरकारचा खर्चही आपणच उचलायचा. अधिकार मागणारे पुष्कळ भेटतात, पण घोषणेला स्वतःच्या खिशातून पैसे देणारे कमी.

मॅनेजरसाठी याचा सरळ अर्थ: जो नियम स्टाफला, तो आधी मला. साडेनऊची हजेरी असेल तर माझीही साडेनऊचीच.

दुकानात हे कसं दिसतं?

आमचं मोटरपंप, पाईप आणि वायरचं दुकान आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. पाच माणसांचा स्टाफ. पावसाळ्याआधी विषय घेतला उधारीचा. आपल्या भागात हा जीवनमरणाचा विषय आहे, कारण शेतकऱ्याला माल रोवण्यात लागतो आणि पैसा येतो धान विकल्यावर.

पहिल्या मंगळवारी सांगितलं की आज काहीच ठरवायचं नाही. दोन वर्षांच्या खातेवह्या मध्ये ठेवल्या आणि कोणी किती दिवसांनी पैसे दिले याच्या याद्या सगळ्यांनी मिळून केल्या. शेतकरी उशिरा देत होते, पण धानाचे पैसे आले की देत होते. खरी रक्कम अडकली होती छोट्या ठेकेदारांकडे, जे दर आठवड्याला नवा माल नेतात आणि जुन्या बिलाचं नाव काढत नाहीत.

काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं होतं, उधारी सरसकट बंद करा. गोडाऊन सांभाळणारे काका गप्प होते. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, “रोवण्याच्या टायमाला मोटर जळली तं तो मानूस जाईन कुठं? अन् जिथं जाईन, तिथूनच पाईप बी घेईन ना!”

पुढच्या मंगळवारी निर्णय झाला. शेतकऱ्याला मोटर दुरुस्ती आणि गरजेचा माल उधार, परतफेड धान विकल्यावर, वहीवर सही. ठेकेदाराला मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल नाही. आणि हे ठेकेदारांना सांगायचं काम काउंटरवरच्या त्या मुलाने आपणहून घेतलं.

खरी परीक्षा नंतर आली. अडवलेल्या ठेकेदारांत एक माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा मला थेट फोन: “तुझ्या पोरानं मला माल नाही म्हटलं. तू सांग त्याला.” मी म्हटलं, “भाऊ, काउंटरवर ठरलं तेच माझंही.” दोन महिने तो दुकानात फिरकला नाही. ते दोन महिने मला जड गेले, पैशाने कमी आणि मनाने जास्त. पण त्या एका फोनवर मी नियम वाकवला असता, तर पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मला पुन्हा तोच पोकळ ‘हो’ मिळाला असता. सर्वांनी मिळून केलेला नियम पहिल्यांदा मालकाच्या ओळखीवरच तपासला जातो, हे लक्षात ठेवा.

हे कुठे वापरू नये

गोडाऊनमध्ये शॉर्टसर्किट झालं तर सर्वसहमतीची वाट पाहू नका, मेन स्विच पाडा! ग्राहक समोर उभा असताना, सुरक्षेचा प्रश्न असताना, कायद्याने बंधनकारक गोष्टीत मॅनेजरने तिथेच निर्णय घ्यावा. आणि कोणाला कामावरून कमी करायचं हा विषय चार लोकांत चर्चेला टाकू नये, त्यात त्या माणसाची इज्जत जाते. ज्या निर्णयाचं रोजचं काम दुसऱ्याच्या हातून होणार आहे, तिथे ही पद्धत वापरा.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या दुकानातला किंवा ऑफिसातला असा एक नियम निवडा, जो ठरलेला आहे पण पाळला जात नाही.

२. त्यावर अर्ध्या तासाची बैठक घ्या. सुरुवातीलाच सांगा की आज निर्णय नाही. विषयाचे कागद मध्ये ठेवा. तुम्ही सर्वात शेवटी बोला.

३. “सर्वात जास्त त्रास कोणाला?” हा प्रश्न विचारा. झाडपूस करणाऱ्या मावशींनाही विचारा.

४. मध्ये किमान चार दिवस जाऊ द्या. मग निर्णयाची बैठक घ्या. कोणाचा विरोध उरला असेल तर तो वहीत लिहा आणि आणखी एक बैठक द्या.

५. नियम ठरला की तुमच्या सर्वात जवळच्या माणसाला तो आधी लावा.

पहिल्या बैठकीत कदाचित कोणी बोलणार नाही. घाबरू नका. इतकी वर्षं न विचारलेला माणूस एका दिवसात बोलत नाही. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा बसा.