चित्र आले, नोंद राहिली

चऱ्होली बुद्रुक



पत्रास कारण की, अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे चित्रण संगणकावर कापून-जोडून घेतले की चित्र आणि आवाज शाबूत राहतात, पण वेग, उंची, मार्ग आणि कॅमेऱ्याची हालचाल सांगणारी सेन्सरची नोंद नाहीशी होते, अशी चिरंजीव पुतण्याची तक्रार आहे आणि तिचा सारा ठपका कॅमेऱ्यावर ठेवलेला आहे. हा ठपका बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो. नोंद कोठे साठते आणि कोणत्या पायरीवर गळते हे आधी समजून घेतले, तर नव्या कॅमेऱ्याचा खर्च टळतो.

एमपी-फोर फाईल ही एक पेटी असून तिच्यात अनेक ट्रॅक, म्हणजे एकाच काळमापावर शेजारी-शेजारी चालणाऱ्या स्वतंत्र नोंदवह्या, ठेवलेल्या असतात. गोप्रो कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये चित्राची एक, आवाजाची एक, वेळेच्या खुणेची एक आणि यांखेरीज सेन्सरची एक वही असते. या शेवटच्या वहीची खूण ‘जीपीएमडी’ आणि तिच्या मांडणीचे नाव ‘जीपीएमएफ’. तिच्यात अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातील बदल व धक्के मोजणारा सेन्सर, आणि जायरोस्कोप, म्हणजे कॅमेरा कोणत्या बाजूला किती झपाट्याने वळला ते मोजणारा सेन्सर, यांची मापे बहुतेक मॉडेलांत सेकंदाला सुमारे २०० वेळा लिहिली जातात. जीपीएसचे स्थान जुन्या मॉडेलांत सेकंदाला सुमारे १८ वेळा, तर ‘हिरो ११’पासून सुमारे १० वेळा येते. चित्राच्या एकाही चौकटीवर यातले काही उमटलेले नसते, त्यामुळे चित्र उत्तम दिसते यावरून नोंद सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

पहिला प्रश्न, नोंद मुळात झाली होती का, हा आहे. गोप्रोमध्ये जीपीएस २०१६ च्या ‘हिरो ५ ब्लॅक’पासून आले, २०२३ च्या ‘हिरो १२ ब्लॅक’मधून वगळले गेले आणि २०२४ च्या ‘हिरो १३ ब्लॅक’मध्ये परतले, तेव्हा ‘हिरो १२’च्या चित्रणात मार्ग शोधणे म्हणजे न पेरलेल्या वावरात कणसे शोधणे होय, जरी त्याच फाईलमध्ये जायरोची नोंद व्यवस्थित असली तरी. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यालाही उपग्रह सापडायला वेळ लागतो, आणि चाकणच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅमेरा सुरू करून तसाच बाहेर नेला, तर सुरुवातीच्या नोंदी स्थानाविनाच जातात. यात्रांतील बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे धावणाऱ्या घोडीच्या स्वाराला कॅमेरा बांधावा, अशी हौस कोणालाही वाटू शकते. परंतु घाटातील, म्हणजे शर्यतीच्या मार्गावरील, धाव १२ सेकंदांची धरली, तर सेकंदाला १८ च्या हिशेबाने हाती येतात फक्त २१६ स्थाने, आणि उपग्रह सापडायला त्याहून अधिक वेळ लागला तर एकही नाही. म्हणून कॅमेरा मोकळ्या आभाळाखाली काही मिनिटे आधी सुरू करून उपग्रह सापडल्याची खूण पडद्यावर पाहूनच पुढे जावे. नोंदीतच याची साक्ष असते: स्थाननिश्चितीचा अंक ० असेल तर स्थान सापडलेले नाही, २ किंवा ३ असेल तर सापडले आहे, आणि अचूकतेचा अंक ५०० च्या आत असेल तर ते भरवशाचे मानावे.

दुसरा प्रश्न नकलेचा आहे, आणि खरी गळती येथेच होते. संपादनाची बहुतेक सॉफ्टवेअरे पेटीतून चित्र व आवाज तेवढे उचलतात आणि काम संपल्यावर नवी पेटी बांधतात, ज्यात सेन्सरच्या वहीला जागाच ठेवलेली नसते. एफएफएमपेग हे फुकट मिळणारे साधन, वेगळी सूचना न दिल्यास, चित्राचा एक आणि आवाजाचा एक ट्रॅक निवडते व माहितीचा ट्रॅक मागे ठेवते. तो हवा असेल तर स्पष्ट मागावा लागतो, अनोळखी ट्रॅक वगळू नये असे बजावावे लागते आणि नव्या फाईलवर ‘जीपीएमडी’ ही खूण टिकली का ते तपासावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेले चित्रण नव्याने दाबून बांधले जाते, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल जशीच्या तशी पोचते.

शोधाची रीत साधी आहे. एक मिनिटाचे चित्रण करून कार्डावरची मूळ फाईल, संगणकावरील प्रत, कापलेला तुकडा आणि शेवटची तयार फाईल या चारही ठिकाणी एफएफप्रोब या साधनाने ट्रॅकची यादी पाहावी. ज्या ठिकाणी ‘जीपीएमडी’ प्रथम दिसेनासा होतो, तेथवर आणणारी पायरी दोषी. नोंद आहे पण जुळत नाही, असेही घडते: जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे सकाळी ११ ची धाव नोंदीत ५:३० ची दिसते, आणि तुकडा मधूनच उचलला किंवा मंदगती केला, तर मूळ नोंदीचा काळ चित्राच्या काळाशी मेळ खात नाही. लांबलेले चित्रण कॅमेरा स्वतःच अनेक फाईलींत तोडतो, ज्यांच्या नावातील शेवटचे चार अंक समान असतात. प्रत्येकीत तिच्यापुरतीच नोंद असल्याने त्या जोडताना ‘एमपीफोर-मर्ज’सारखे नोंद राखणारे साधन वापरावे.

उपायाचे सूत्र एकच: नोंदीचे काम आधी, काटछाट नंतर. मूळ फाईलवरूनच एक्झिफटूल या साधनाने मार्ग वेगळा काढून ठेवावा. जायरोफ्लो हे सॉफ्टवेअर वापरून चित्र स्थिर करायचे असेल तर तेही मूळ फाईलवरच करावे आणि त्यासाठी चित्रण करतानाच कॅमेऱ्यातील स्थिरीकरण बंद ठेवावे. सातबाऱ्याची झेरॉक्स कितीही स्वच्छ निघाली तरी फेरफार तपासायला मूळ दप्तरच उघडावे लागते, तसेच येथे आहे. म्हणून मूळ फाईलच्या दोन प्रती दोन जागी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. मूळ पुसले गेले असेल तर त्या कार्डावर नवे काही न लिहिता ते बाजूला ठेवावे, कारण परत मिळण्याची आशा तेवढीच उरते. नोंद गळालेल्या तयार फाईलमधून सेन्सरची नोंद पुन्हा काढता येत नाही.

आणि ती नाहीच मिळाली, तर चित्राच्या कोपऱ्यात अंदाजाने वेगाचा काटा रंगवण्याचा मोह चिरंजीवाने टाळावा. घाटात सेकंदाच्या अंशावर क्रमांक ठरतात आणि बाऱ्या, म्हणजे धावा, मोजणारी माणसे वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात; त्यांच्यापुढे खोटा आकडा एकदा सापडला, की पुढचे खरे आकडेही कोणी मानत नाही. कोपरा रिकामा राहिला तरी चालेल.

प्रकृतीस जपावे. काकांचे आशीर्वाद.