सासूबाईंना बाहेर बसवायचं

(बुटीबोरी. 9 तारखेची गरोदर बायकांची तपासणी आटोपली आहे. नव्यानं लागलेली आशा आणि जुन्या एएनएम सिस्टर बोलत आहेत.)

आशा : सिस्टर, एमआयडीसीकडच्या किरायाच्या खोलीतली ती सात महिन्यांची. दंडावर वळ होते. नवऱ्याकडं पाहून "पडली" म्हणाली. तुम्ही काहीच काऊन नाही विचारलं?

सिस्टर : त्याच्यासमोर विचारलं असतं, तर रात्री तिलाच मार बसला असता. पोट तपासताना इथं सोबतचं कोणी थांबत नाही. नवरा नाही, सासूही नाही. नियम सगळ्यांनाच, म्हणून संशय येत नाही. आत विचारलं मी.

आशा : काय म्हणाली?

सिस्टर : ते तिचं आहे. तिनं हो म्हटल्याशिवाय तुलाही नाही सांगणार. विचारायचं कसं, ते सांगते. "पुष्कळ जणींना घरी त्रास होतो, म्हणून मी सगळ्यांना विचारते. तुला कोणी मारतं का? मनाविरुद्ध जवळ येतं का?" सांगितलं तर ऐकायचं. "तू काय केलं होतंस?" हे कधीच विचारायचं नाही.

आशा : पण हे दवाखान्याचं काम आहे का?

सिस्टर : पोटावर मार बसला की वार सुटते, रक्त जातं, मूल दिवसांआधी येतं. मग हे कोणाचं काम? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या तिघींनी गरोदरपणी मार खाल्ल्याचं सांगितलं. न सांगणाऱ्या वेगळ्याच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं 'दिलासा' केंद्र काढलं, ते सरकारी दवाखान्यातच. बाई पोलिसांत जात नाही, पण दवाखान्यात येते.

आशा : मग बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या दिवशी मी घरी जाते, तेव्हा विचारू?

सिस्टर : एका खोलीच्या घरात? नको. बाळ पाहा, तिची झोप, जेवण, रडणं पाहा. दीड महिन्याच्या लसीला इकडं आण, इथं बोलू. तेव्हाच पाळणा लांबवण्याचंही बोलता येतं. नवरा तांबी बसवू देत नसेल, तर अंतरा इंजेक्शन आहे, तीन महिन्यांनी एकदा, फुकट. घरात दिसत नाही.

आशा : कार्डावर लिहू?

सिस्टर : अजिबात नाही! माता-बाल कार्ड घरी जातं, सगळे वाचतात. वळ कुठं, केवढा, कोणी मारलं, हे तिच्याच शब्दांत दवाखान्याच्या कागदावर, कुलपात. उद्या कोर्टात गेली तर तोच पुरावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 7 प्रमाणं उपचार नाकारता येत नाहीत, आणि तक्रार आधी केलेली असावी लागते असंही नाही.

आशा : नवऱ्याला बोलावून समजावलं तर?

सिस्टर : तिनं सांगितलं हे त्याला कळेल. तोच मोठा धोका. "सोडून दे त्याला" असंही नको. माहेर दूर, हातात पैसा नाही, पोटात लेकरू. केव्हा निघायचं ते तिलाच ठाऊक. त्यापेक्षा विचार, रात्री वेळ आली तर कोणत्या शेजारणीकडं जाशील? आधार कार्ड, थोडे पैसे तिच्याकडं ठेवता येतील का? गळा दाबला, हत्यार दाखवलं असं म्हणाली, तर त्या दिवशी थांबायचं नाही. तिला विचारून लगेच डॉक्टरांना सांगायचं, हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सखी केंद्राला कळवायचं.

आशा : महिला हेल्पलाइनचा 181 नंबर चिठ्ठीवर देऊ?

सिस्टर : चिठ्ठी सापडते. तिच्याकडून पाठ करून घे. आणि फोन नवऱ्याचा असेल, तर लावून झाल्यावर नंबर पुसायला सांग. बरं, तिची पुढची तपासणी कधी लिहिली आहेस? एक महिना फार होतो. रक्त तपासायचं आहे म्हणून आठवड्यात बोलाव.