प्रतिकृती कितपत खरी? मिग-२१च्या नव्या संचाची पारख

विमानाच्या लघुप्रतिकृतीचा नवा संच हाती आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो किमतीचा आणि दुसरा, जोडायला किती दिवस लागतील याचा. ‘हे विमान खरोखर असेच होते का?’ हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. आमच्या गोडदेवच्या वसतिगृहातील छंदवर्गात यंदा त्याच प्रश्नावर बरेच तास खर्ची पडले. त्या अभ्यासाची पद्धत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

एका पालकांनी वर्गासाठी मिग-२१चा १:७२ प्रमाणाचा संच भेट दिला. वेष्टनावर भारतीय वायुसेनेचे मिग-२१ एफएल हे १९७१च्या युद्धकाळातील विमान रंगविलेले होते. या विमानाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार झाली. त्यांची इंजिने ओडिशातील कोरापुट येथे बनत. गंमत अशी की, ओझरची सुरुवातीची मिग विमानेही सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जुळवूनच उभी राहिली होती. म्हणजे एका अर्थाने तेही संच जोडणेच! १९६३ साली वायुसेनेत दाखल झालेले मिग-२१ दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. आता ते आकाशात दिसणार नाही. त्यामुळे प्रतिकृतीने खरे सांगणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

प्रथम गणित. मिग-२१च्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ७.१५४ मीटर. त्यास ७२ने भागले की ९९.४ मिलिमीटर येतात. आमच्या काही पालकांचे आयुष्य भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांत गेले आहे. त्यांपैकी एकांनी आपला व्हर्निअर कॅलिपर आणून दिला. संचाचे मोजमाप ९९ मिलिमीटरच्या किंचित वर भरले. प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानातील ७२ मिलिमीटर, हे ध्यानात घेतले तर इतका फरक डोळ्यांस जाणवणारा नाही.

लांबीच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे आकडे आढळतात, कारण कोणी नाकापुढची वेगमापक नळी धरून मोजतो, कोणी वगळून. लांबी कोठून कोठवर मोजली हे ज्या पुस्तकात सांगितलेले नाही, त्यातील आकड्यावरून संचास दोष देणे अन्यायाचे होईल.

विद्यार्थ्यांना सर्वांत आवडला तो कोनांचा भाग. लांबी ७२ पटींनी घटते, क्षेत्रफळ ७२च्या वर्गाने, म्हणजे ५,१८४ पटींनी घटते. पण कोन तसाच राहतो. मिग-२१च्या पंखाची पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली आहे आणि ती प्रतिकृतीतही ५७ अंशांनीच झुकलेली असली पाहिजे. येथे भागाकार नको, कंपासपेटीतला कोनमापक पुरे. पंखाचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. प्रतिकृतीत ते सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताच्या मध्यभागाएवढे होते, हे पाहून मुले चकित झाली.

पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. रेषा जितक्या खोल व ठळक, तितका संच चांगला असे मानले जाते. ०.२ मिलिमीटर रुंदीची खाच ७२ पटींनी वाढविली तर १४ मिलिमीटरहून रुंद फट होते. अशी फट घेऊन कोणते लढाऊ विमान उडेल? मात्र साच्यातून याहून बारीक रेषा काढणे कठीण असते, म्हणून येथे थोडी सूट द्यावी, असे आमचे मत आहे.

खरी अडचण निघाली ती मोजमापांत नव्हे, प्रकारात. मिग-२१ हे एकच विमान नव्हे. भारतात एफएल, एम, बिस आणि शेवटी सुधारित बायसन असे त्याचे प्रकार वापरात होते. एफएलची पाठ सडपातळ, नाकावरची नळी बरोबर मध्यरेषेवर, पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या जागा दोनच आणि अंगभूत तोफ नाही; १९७१ साली तोफ पोटाखाली वेगळ्या खोक्यात बसवून नेत. पुढील एम प्रकारात पाठ उंचावली, नळी उजवीकडे सरकली, टांगण्याच्या जागा चार झाल्या आणि तोफ अंगातच आली. आमच्या संचातील पाठ उंच होती, नळीची खाच उजवीकडे होती आणि पंखांखाली चार जागा आखलेल्या होत्या. वेष्टनावर एफएल, आत एम! एकाच साच्यातून अनेक प्रकार विकण्याची रीत या व्यवसायात जुनी आहे. वेष्टनाचे चित्र बदलणे साचा बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

काही विद्यार्थ्यांनी छायाचित्रे आणून वाद घातला. वाद चांगला झाला; पण जवळून टिपलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि शेपूट लहान दिसते, हे त्यांना दाखवावे लागले. त्यासाठी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासारखी शाळा नाही. तेथील आवारात कुर्ट टँक यांच्या आराखड्यानुसार भारतात बनलेले, १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले मारुत विमान ठेवलेले आहे. भाईंदरहून महालक्ष्मीपर्यंत लोकलने जावे आणि विमानाभोवती सावकाश फेरी मारावी. त्याचा पंखविस्तार ९ मीटर, म्हणजे १:७२ प्रमाणात १२५ मिलिमीटर. एकच पंख चार ठिकाणांहून किती वेगळा भासतो, ते तेथे उमगते. मात्र प्रदर्शनातील विमानाच्या रंगावर विसंबू नये. निवृत्तीनंतर अशा विमानांना पुनःपुन्हा रंग दिला जातो.

मग आमच्या संचाचे मोल काय ठरले? एफएल म्हणून तो चुकीचा, एम म्हणून बराच चांगला. पाठ कानशीने घासून एफएल करावी, असा एक प्रस्ताव होता. तो आम्ही मान्य केला नाही, कारण नळी, तोफ, पंखांखालच्या जागा असे सारेच बदलावे लागले असते. एम प्रकारही ओझरलाच बनला होता, तेव्हा तोच जोडला. संचासोबतचा चिकटवायचा क्रमांक एफएल विमानाचा असल्याने तो लावलेला नाही. एका विद्यार्थ्यास हे फार लागले; क्रमांकावाचून विमान अपुरे दिसते, हे त्याचे म्हणणे खरेच आहे.

प्रदर्शनातील फलकावर ‘मिग-२१ एम, प्रमाण १:७२’ एवढेच लिहिले आहे. कोणा पालकाकडे वा माजी विद्यार्थ्याकडे या प्रकारच्या विमानाचे, क्रमांक स्पष्ट दिसणारे व तारीख नोंदविलेले छायाचित्र असल्यास त्यांनी ते वसतिगृहात दाखवावे. क्रमांकाची जागा शेपटीवर मोकळी ठेवली आहे.