कोविड गेला, थकवा राहिला : पोटातल्या जिवाणूंची गोष्ट



चितेगाव-वाळूजला पाळीवर जाणारा हट्टाकट्टा माणूस. दुसऱ्या लाटेत कोविड झाला, पंधरा दिवसांत ताप-खोकला गेला, तपासणी निगेटिव्ह आली. पण अंग पूर्वीसारखे झालेच नाही. एक दिवस नेटाने काम केले की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. झोपून उठले तरी झोप झाल्यासारखे वाटत नाही, बोलता बोलता शब्द आठवत नाही, पोट सदा बिघडलेले. सुपरवायझर म्हणतो कामचुकार, घरचे म्हणतात मनाचे खेळ. हीच तक्रार घरातल्या बाईची असेल तर तिला कुणी विचारतही नाही. ती आपली 'कमजोरी आहे' म्हणत भाकरी थापत राहते.

हा आळस नाही, नाटकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये याची व्याख्या केली. कोविड झाल्यापासून तीन महिन्यांनंतरही त्रास आहे, तो किमान दोन महिने टिकला आहे आणि दुसरे कारण सापडत नाही, तर तो लाँग कोविड. इतर तापांनंतरही असा न हटणारा थकवा काहींना धरतो. तो आजार कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

या थकव्याची एक वाट पोटातून जाते. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा म्हणजे कोंडा, साली, भाजीचे धागे हे त्यांचे जेवण. ते खाऊन काही जिवाणू ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यत्वे त्यावरच जगतात. कुडाच्या भिंतीला लिंपण असते तसे हे आहे. लिंपण गेले की भिंतीला भेगा पडतात. आतड्याचे अस्तर कमजोर झाले की नको ते पदार्थ रक्तात उतरतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा सतत जागी राहते. ताप आला की अंग कसे मोडून येते? ते त्या यंत्रणेचेच काम. ती महिनोन्‌महिने जागी राहिली तर माणूस ताप नसतानाही थकलेलाच राहील.

हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातल्या डॉक्टरांनी कोविडच्या 106 रुग्णांची विष्ठा वेळोवेळी तपासली. 2022 मध्ये ते काम छापून आले. सहा महिन्यांनीही सुमारे तीन चतुर्थांश लोकांना काही ना काही त्रास होता आणि त्यात थकवा सर्वांत पुढे. जे पूर्ण बरे झाले, त्यांच्या आतड्यातली वस्ती कोविड न झालेल्या माणसांसारखी पुन्हा भरली होती. ज्यांचा त्रास राहिला, त्यांच्यात ब्युटिरेट करणारे जिवाणू कमी होते. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने कोविडशी संबंध नसलेल्या, जुनाट थकव्याच्या रुग्णांतही तेच पाहिले. फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा जिवाणू जितका कमी, तितका थकवा जास्त. दोन वेगळे आजार, पण पोटातली खूण एकच.

आता कुणी म्हणेल, आधी कोंबडी की अंडे? रास्त प्रश्न आहे. आजारी माणूस कमी खातो, अंथरुणात पडतो, औषधे घेतो, त्यानेही जिवाणू बदलतात. म्हणून हाँगकाँगकरांनी पुढची परीक्षा घेतली. 463 रुग्णांपैकी निम्म्यांना चांगल्या जिवाणूंची पुडी व त्यांचे खाद्य सहा महिने दिले, बाकीच्यांना नुसते क जीवनसत्त्व. पुडीवाल्यांपैकी जास्त लोकांचा थकवा आणि विसरभोळेपणा कमी झाला. सगळ्यांचा नाही. म्हणजे पोट हे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

तीच पुडी इथे विकत घ्यावी का? मला तसे वाटत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. 2016 च्या त्यांच्या लेखानुसार आपल्याकडे प्रिव्होटेला नावाचा जिवाणू भरपूर आहे. तो धान्य, कडधान्य, भाजीपाला खाणाऱ्यांच्या पोटात वाढतो. आपली वस्ती वेगळी, तिचे जेवण आपल्याच ताटात आहे. दुकानातली महागडी बाटली त्या परीक्षेतली पुडी नव्हेच.

ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, सालीसकट मूग आणि हरभरे, शेपू-मेथी-अंबाडी, जवसाची चटणी, ताक, आंबील. ज्वारी महागली आहे आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, हे खरे. मग निदान गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकू नका. शिजवून गार झालेल्या भातात आणि भाकरीत काही स्टार्च न पचणारा होतो आणि तो जिवाणूंच्या कामी येतो. शिळ्या तुकड्यांचा इतिहास आपल्या लोकांना सांगायला नको. इथे शिळे म्हणजे आपल्याच चुलीवरचे, रात्रीचे सकाळी खाल्लेले. उन्हाळ्यात मात्र भात बाहेर ठेवू नका, तो लवकर नासतो आणि जुलाब होतात. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, म्हणून हळूहळू वाढवा. पाळीवर चहा-बिस्किट आणि वडापाववर दिवस काढणाऱ्यांचे जिवाणू उपाशी असतात, त्यांनी डबा न्यावाच.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. कोविडमध्ये अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन घराघरांत गेले. विषाणूवर त्यांचा फायदा नाही, हे 2021 मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचण्यांतून दिसले. पोटातले चांगले जिवाणू मात्र त्यात मरतात. सर्दी-पडशाला मेडिकलवरून स्वतःच्या मनाने कॅप्सूल घेऊ नका. पण टीबीच्या गोळ्यांना हे लागू नाही, त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

'रोज थोडा जास्त व्यायाम कर' हा सल्लाही सरसकट देऊ नये. श्रमानंतर आजार बळावत असेल, तर जोर लावल्याने माणूस आणखी खाली जातो. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने 2021 मध्ये जुनाट थकव्यासाठीचा वाढत्या व्यायामाचा उपाय काढून टाकला. थकण्याआधी थांबायचे. पाणी दोन खेपांत आणायचे, भाकरी बसून करायची, धुणे एका दिवसात उरकायचे नाही. रोजंदारीवाल्याला थांबणे परवडत नाही, हे मला कळते. म्हणूनच घरातल्यांनी कामे वाटून घ्यायला हवीत.

आणि थकवा म्हणजे लाँग कोविडच, असे घरबसल्या ठरवू नका. रक्त कमी असणे, साखर, थायरॉईड, टीबी यांचाही थकवा असाच असतो. दोन सलाईन लावून आल्याने यातले काहीच कळत नाही, पैसे मात्र जातात. बिडकीनच्या ग्रामीण रुग्णालयात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. जाताना चिठ्ठीवर लिहून न्या : कोविड कधी झाला, थकवा कधीपासून आहे, काम केल्यावर किती दिवस पडून राहावे लागते, वजन घटले का, संध्याकाळी ताप येतो का. वजन घटत असेल किंवा दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर बेडका तपासायला आधी द्या.