तणीस कोरडे ठेवा, हिवाळ्यात ढिंगरी घ्या

हलके धान ऑक्टोबरात कापणीला येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. बांधीतल्या कडपा भिजल्या की दाणा काळा पडतो, भाव पडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्याला हे नवीन नाही. ते नुकसान कोणताही जोडधंदा पूर्ण भरून काढत नाही. पण घरात एखादी सावलीची रिकामी खोली असेल, तर हिवाळ्यात छताखाली ढिंगरी अळिंबीचे पीक घेता येते. तणसाच्या पिशव्या, म्हणजे बेड, भरल्यापासून साधारण ४५ दिवसांत तीन तोडे मिळतात आणि त्यासाठी एक गुंठाही जमीन लागत नाही.

खरी तयारी आजपासून करायची आहे, ती तणसाची. पावसात भिजून काळे पडलेले, कुबट वासाचे तणीस बेडसाठी घेऊच नका. त्यात हिरवी बुरशी आधीच घर करून असते आणि ती ढिंगरीला वाढू देत नाही. मळणीनंतरचे पिवळे, कडक तणीस बाजूला काढून छपराखाली, जमिनीपासून उंचावर रचा. बेड फसण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

तणसाचे ३ ते ५ सेंटीमीटर तुकडे करून रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी निर्जंतुक करण्यासाठी ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. फॉर्मॅलिनची पद्धतही चालते. पण लहान मुले वावरतात त्या घरात गरम पाणीच बरे. निथळलेले तणीस मुठीत घट्ट दाबून पाहा. तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. थेंब गळत असेल तर आणखी तासभर सावलीत पसरा.

पिशवीत तणसाचा थर, त्यावर स्पॉन (अळिंबीचे बियाणे), असे थर भरत चला. स्पॉन ओल्या तणसाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ३ किलोला ६० ग्रॅम घ्या. तोंड बांधून पिशवीला बारीक छिद्रे पाडा. अंधाऱ्या खोलीत १५ ते २० दिवसांत बेड पांढराशुभ्र होतो. मग प्लास्टिक काढा आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याची हलकी फवारणी करा. चार-पाच दिवसांत गुच्छ दिसू लागतात. देठ लांब आणि छत्री बारीक राहिली, तर खोलीत हवा कमी पडते आहे असे समजा आणि दिवसा खिडकी उघडा. छत्रीच्या कडा वर वळण्याआधीच गुच्छ पीळ देऊन काढा. खोलीत जाताना नाकाला कापड बांधा, बीजाणूंमुळे खोकला आणि ॲलर्जी होते.

हे पीक हवामानाच्या तडाख्यातून पूर्ण सुटलेले नाही. त्याला २० ते ३० अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता हवी. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री वाढ मंदावते, म्हणून खिडक्यांना गोणपाट लावा. शेवटचे बेड जानेवारीअखेर भरा. मार्चनंतरच्या कोरड्या उन्हात आपल्याकडे साध्या खोलीत ढिंगरी टिकत नाही. तेव्हा हट्ट करू नका.

ताजी ढिंगरी लवकर खराब होते. म्हणून विक्रीची सोय आधी बघा: गावातली घरे, आठवडी बाजार, तालुक्याचे ढाबे. सात्या ही रानअळिंबी आवडीने खाणाऱ्या या भागात अळिंबीची चव नव्याने समजावावी लागत नाही. उरलेली उन्हात वाळवा. १० किलो ताज्या ढिंगरीची सुमारे १ किलो सुकी होते. उतरलेल्या बेडचे तणीस गांडूळखताला वापरा.

पहिल्या वर्षी २० बेडच्या वर जाऊ नका. बचत गटातील महिलांनी मिळून केल्यास फवारणीच्या पाळ्या वाटून घेता येतात. साकोली, सिंदेवाही किंवा सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करा आणि खात्रीच्या स्पॉनची मागणी कापणीआधीच नोंदवा.