खर्डीच्या उन्हात विलायती गवत

अगं, घरापुढचं गवत विरळ झालं, कडेकडेने तपकिरी पडलं म्हणून तू माळ्यावर चिडू नकोस. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, तुझाही नाही. तू ऑनलाइन मागवलेलं बियाण्याचं पाकीट जरा पुन्हा वाच. टॉल फेस्क्यू, रायग्रास, केंटकी ब्लूग्रास. तिन्ही थंड हवेची गवतं. विम्बल्डनच्या कोर्टांवर 2001 पासून निव्वळ रायग्रास असतं, 8 मिलिमीटरवर कापलेलं. पण लंडनचा ऐन जुलै आपल्या डिसेंबरच्या दुपारपेक्षाही गार!

ही गवतं 15 ते 24 अंशांत खूश असतात. तू थंडीच्या तोंडावर पेरलंस, खर्डीच्या गार रात्री मिळाल्या, म्हणून ते असं तरारून आलं. मार्चपासून पारा चाळिशीकडे निघाला की त्याचं घरचं गणितच बिघडतं. उन्हात पान कार्बन डायऑक्साइड पकडायचं सोडून ऑक्सिजन पकडू लागतं आणि केलेलं अन्न फुकट जातं. पोटाला पुरेना की मुळं आखडतात. मग वर कितीही पाणी ओत, उचलणार कोण? आपली हरळी मका-ऊस-ज्वारीच्या जातकुळीची. ती 30-35 अंशांतच फोफावते.

एकदा खात्री करून घे. तपकिरी भागातलं मूठभर गवत उपट. बुंधा पांढरा, टणक लागला तर जीव आहे. बुंधा वाळून कुरकुरीत झाला असेल तर संपलं. गवत गालिच्यासारखं सगळं अलगद वर आलं तर खालची माती उकरून बघ, हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्लेली असतील. गोल गोल डाग पडले असतील तर ती बहुधा बुरशी, आणि ती तुझ्या संध्याकाळच्या पाइपाने आणली. उकाड्यात पाती रात्रभर ओली राहिली की दुसरं काय होणार?

आता पाण्याचं. हे जरा कडक बोलते, राग मानू नकोस. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी द्यायचं म्हणजे सुमारे 2,360 लिटर. जल जीवन मिशनचा हिशेब माणशी रोज 55 लिटरचा. म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस माणसांचं दिवसाचं पाणी तू एका खेपेला गवतावर ओतणार, आणि तेही न जगणाऱ्या गवतावर. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईच्या नळाला पाणी इथून जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. तुझ्याकडे कामाला येणारी बाई त्याच रांगेतून येते. मे महिन्यात तिच्यासमोर लॉनवर फवारा सोडायचा, हे मला तरी जमणार नाही.

म्हणून सांगते, ते जाऊ दे. युरिया तर मुळीच टाकू नकोस, होतं तेही करपेल. कापणीही बंद, उंच पात्यांची बुंध्याला थोडी सावली तरी होते. उघड्या पडलेल्या मातीवर वाळला पाला पसर. आजूबाजूचा माळ बघ की! दिवाळीनंतर तो पिवळाच होतो, लोक तेच गवत कापून पेंढ्या बांधतात, गंजी रचतात. उन्हाळ्यात पिवळं गवत दिसलं म्हणून तिथे कुणाला लाज वाटत नाही. ही हिरव्या गालिच्याची हौस आपण शहरातून गाडीत घालून नेतो.

खरं काम मृगाचं. तोवर जमीन हातभर खणून तापू दे. मुरूम-दगड वेचून काढ. चांगलं कुजलेलं शेणखत मिसळ. कच्चं शेण आणलंस तर हुमणीला आमंत्रण. पहिल्या पावसात तिचे भुंगेरे बाहेर पडतात, मातीत अंडी घालतात, आणि अळ्या भर पावसाळ्यात मुळं कुरतडतात. जमिनीला घराकडून बाहेर उतार दे, कारण शहापुरात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुंबलेल्या पाण्यात हरळीही सडते. दोन-तीन सरी झाल्या की हरळीचे तुकडे वीतभर अंतरावर खोच. बारीक पात्याचं हवं असेल तर नर्सरीत सिलेक्शन नंबर वन माग, पण त्याला दिवसभर ऊन लागतं. आंब्याखाली काही लावूच नकोस, तिथे खाट टाक.

पुढच्या उन्हाळ्यात हरळीही पिवळी पडेल, तेव्हा मला घाबरून फोन करायचा नाही. तिची कांडी जमिनीत जिवंत असतात, पाऊस आला की ती आपली आपण उठते. आणि ते उरलेलं पाकीट शेजारच्या बंगलेवालीला देऊ नकोस गं बाई!